लिंबाजीचा रंगीत फोटो

राणीसावरगावात तोवर रंगीत फोटो कुणी पाहिला असेल तर तो कॅलेंडरावर. जित्या माणसाचा, ओळखीच्या माणसाचा रंगीत फोटो पोस्टानं दारात यावा, अन् तोही बौद्धवाड्यातल्या सटवाजीच्या दारात, ही काय लहान गोष्ट होती होय? सत्त्याहत्तर सालचा चैत होता. पाकिटावर ठळक लिहिलं होतं, 'आत फोटो आहे, दुमडू नये.' मग पोस्टमनलासुद्धा दम निघेना. पाकीट हातात देऊन तो तिथंच उभा राहिला. "फोडा की सरजाबाई, आमाला बी बघू द्या," म्हणाला.

सटवाजीची बायको सरजाबाई अंगणात डाळ निवडत बसली होती. ऊन मी म्हणत होतं. तिनं पदराला हात पुसले अन् पाकीट अलगद फोडलं. लेक लिंबाजी पुण्याकडं एका कारखान्यात काम शिकायला गेला त्याला आठ महिने झाले होते. पत्रं यायची, ती व्यंकटराव गुरुजी वाचून दाखवायचे. पण पत्रात तोंड थोडंच दिसतं? आज दिसलं. खुर्चीत ऐटीत बसलेला, केस चापून बसवलेले, अंगात नवा सदरा, मागं भिंत अन् भिंतीत एका अंगाला काळा चौकोन, साळंतल्या फळ्यासारखा.

"साहेब दिसायलाय की हो!" पोस्टमन म्हणाला अन् सायकलवर टांग टाकून गेला.

सरजाबाई आधी हसली. मग तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि तिचं हसू गेलं. पोरगं पिवळं होतं. थोडंथोडकं नाही, कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळंधमक. डोळ्यातलं पांढरंसुद्धा पिवळं. मांडीवरचं सूप कलंडलं, डाळ अंगणभर झाली, तरी तिला त्याची शुद्ध नव्हती.

"आवं उठा! उठा आधी!" ती आत धावली.

सटवाजी गावातल्या सोसायटीच्या गोदामावर रातपाळीचा राखणदार. दिवसा झोपायचा. डोळे चोळत तो दारात आला, फोटो हातात घेतला, उन्हात धरला अन् जरा वेळ बघत राहिला.

"काय झालं? चांगला तर हाय," तो म्हणाला.

"चांगला? पिवळा न्हाई का दिसायलाय?"

"कुठं पिवळा? गव्हाळ हाय, होता तसाच. सदरा बघ कसा पांढराशिप्पट."

"पांढरा? आवं, सदरा बी पिवळाच हाय!"

"तुझ्या डोळ्याला ऊन लागलंय लिंबाच्या माय. जा, पाणी मार तोंडावर." एवढं बोलून तो आत जाऊन पुन्हा आडवा झाला. घोरला मात्र नाही.

आता असल्या बातमीला काय पाय लागतात? दिवस कलायच्या आत सगळी वस्ती सटवाजीच्या अंगणात. फोटो या हातातून त्या हातात. अन् गंमत बघा, एकाच कागदाकडं बघून माणसं दोन बाजूंना झाली. शेजारची चांगुणाबाई म्हणाली, "पिवळा हाय गं बाई, शंभर टक्के." तिची सून मागून डोकावून म्हणाली, "छ्या! भाऊजी तर गोरे झालेत उलट." सख्खे दोन भाऊ, एका ताटात जेवणारे, एक म्हणतो सदरा पांढरा, दुसरा म्हणतो हळदीत बुचकळून काढलाय. दोघं गळपट धरायच्या बेतात आले. कुणी कुणाचं ऐकेना, कारण जो तो म्हणायचा, मला माझ्या डोळ्यानं दिसतंय की!

चांगुणाबाईचा नवरा भगवानराव मोठा चेष्टेखोर. तो म्हणाला, "वहिनी, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. आधी तुमचेच डोळे दाखवा बरं."

चारजण हसले. सरजाबाई ताडकन उठली. दोन्ही बोटांनी डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून ती त्याच्यासमोर उभी राहिली. "बघा. पिवळे हायत का? बोला आता!" भगवानरावाची मान खाली गेली. त्याला एकदम आठवलं की कावीळ हा शब्द या घरात चेष्टेचा नव्हता.

सहा वर्षांमागची गोष्ट. थोरला लेक बापू तेव्हा अठरा वर्षांचा. बोरीला नणंदेच्या लेकीचं लगीन होतं. लगीन बुद्धवंदनेनं लागायचं, पण लोकांनी हळद काही सोडली नव्हती; हळदीशिवाय लगीन म्हणजे लोकांना लगीनच वाटायचं नाही. आदल्या दिवशी पोरांनी एकमेकांना हळदीनं पार न्हाऊ घातलं. बापू सगळ्यात पुढं. घरी आल्यावरही दोन-तीन दिवस पोरगं पिवळं. "हळद लय पक्की होती," म्हणत सरजाबाईनं स्वतःच्या हातानं त्याचं तोंड दगडानं घासून दिलं होतं. सगळे हसले होते. ती पण. चौथ्या दिवशी पोराला ओकारी सुरू झाली. कुणी उतारा सुचवला, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणे. चार दिवस त्यात गेले. परभणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, आधी का नाही आणलं? त्या एका सवालाचं उत्तर सरजाबाईला अजून देता आलं नव्हतं.

म्हणून चांगुणाबाई जेव्हा हळूच म्हणाली, "पोर लांब असलं म्हणून काय झालं, फोटोवरनं बी उतारा करतात," तेव्हा सरजाबाई तिच्यावर खेकसली, "तुझा उतारा घाल चुलीत! एकदा केलाय तेवढा बास."

संध्याकाळी ती व्यंकटराव गुरुजींकडं गेली. गुरुजी भले माणूस, फोटो दारात नेऊन बघितला, आत नेऊन बघितला. "चांगला आहे की," म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "थांबा हं, आता मला पण जरा पिवळट वाटायला लागला." परत आत गेले. "नाही, चांगलाच आहे."

"गुरुजी, एक काय ते सांगा!"

"सरजाबाई, मला नाही सांगता यायचं. तुम्ही असं करा, गंगाखेडला दत्तराव फोटोवाल्याकडं जा. रंगाचं त्याला कळतं."

कामावर जाताना सटवाजीनं फोटो मागितला. सोसायटीतल्या लोकांना दाखवतो म्हणाला. सकाळी आला तेव्हा फोटो परत देत म्हणाला, "परत बघितला मी. चांगलाच हाय. कशाला फिकीर करायलीस?"

"तुमाला चांगला दिसायलाय तर तुमी बसा खुशाल. मी चालले," म्हणत सरजाबाईनं फोटो कापडात गुंडाळला अन् पहिली एसटी धरली. सगळा रस्ता ती नवऱ्यावर धुसफुसत होती. एक पोरगं गेलं तरी ह्या माणसाला काही वाटतच नाही का? ह्याचं काळीज आहे की दगड?

दत्तराव फोटोवाल्याचं दुकान गंगाखेडच्या बाजारात. काळे-पांढरे फोटो ब्रशनं रंगवण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. नवरीचे ओठ, साडीचे काठ, बाळाचे गाल, सगळं त्याच्या हातून तांबडं-गुलाबी व्हायचं. सरजाबाईनं त्याला सगळं सांगितलं, अगदी बापूपासून. तो माणूस बोलण्यात फटकळ होता, पण ऐकून घेतलं त्यानं. मग फोटो घेऊन विचारलं, "हा फोटो दिवसाचा का रातीचा?"

"दिवसाचाच की! रातीला कोण फोटो काढतंय?"

"तुमचे मालक काय म्हणतात?"

"ते म्हणतात, पोरगं चांगलं हाय."

"मग त्यांनी फोटो रातीचा धरलाय." दत्तराव खुर्ची ओढून बसला. "मला सांगा, रातच्याला कंदिलाच्या उजेडात तुमची भाकर पिवळी दिसती का?"

"न्हाई बा. भाकर भाकरीवानीच दिसती."

"अन् कंदिलाचा उजेड तर पिवळा. मग भाकर पिवळी का दिसू न्हाई? तर आपला डोळा लय शहाणा हाय. उजेड पिवळा हाय हे त्याला ठाव असतं. मग तेवढं पिवळं तो सोडून देतो, अन् भाकरीचा खरा रंग तेवढा तुमाला दाखवतो. पण फिलम तशी शहाणी नसती. रंगीत फिलम केलेली असती उन्हासाठी. बल्बखाली फोटो काढला की ती सगळं पिवळं जसंच्या तसं कागदावर टाकती. आता हा कागद तुमी हातात घेतला. डोळ्याला प्रश्न पडला, ह्यातला उजेड कुठला? ज्याच्या डोळ्यानं धरला दिव्याचा, त्यानं पिवळं सोडून दिलं, त्याला पोरगं गव्हाळ दिसलं. ज्याच्या डोळ्यानं धरला उन्हाचा, त्यानं ते पिवळं पोराच्या अंगावर टाकलं."

"मी कुठं काय धरलं? मी तर नुसतं बघितलं."

"तेच म्हणतोय मी. डोळा आपल्याला विचारून धरत न्हाई."

त्यानं फिलमच्या पाकिटातला काळा कागद घेतला, त्याला दोन बारीक भोकं पाडली अन् फोटोवर ठेवला. एका भोकातून भिंत दिसत होती, दुसऱ्यातून सदरा. "आता ह्या दोन ठिपक्यांचा रंग सांगा."

सरजाबाईनं वाकून बघितलं. दोन्ही ठिपके हळदीच्या बोटासारखे पिवळे. दत्तरावानं कागद सरकवून गालावर आणला, तोही तसलाच, जरा गडद. "बघा. मला सुद्धा ह्या भोकातून पिवळंच दिसतंय. अन् कागद काढला," त्यानं कागद काढला, "की मला सदरा पांढरा दिसतो. कागदावरचा रंग तोच. भिंतीला कावीळ होती का बाई? सदऱ्याला होती का? तसंच पोराचं. उजेडच पिवळा."

सरजाबाईच्या जिवात जीव आला. पहिल्यांदाच तिनं नीट श्वास घेतला. दुकानात बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनी पण फोटो हातात घेऊन बघितला अन् एक म्हणाला सदरा पांढरा, दुसरा म्हणाला पिवळा, ते निराळंच. पण मग तिच्या मनात एक शंका आलीच. ती शिकलेली नव्हती, पण खुळी पण नव्हती.

"सदरा पांढरा असंल तर उजेड पिवळा. खरं. पण सदराच पिवळा असंल तर?"

दत्तरावानं फोटो परत जवळ ओढला.

"अन् भिंत बी पिवळी असती की. आमच्या साळंला पिवळाच रंग दिलाय."

"हा सदरा कुठल्या रंगाचा हाय, तुमाला ठाव न्हाई?"

"तिकडंच घेतलाय त्यानं. नवा हाय, एवढंच लिवलं होतं."

दत्तरावानं भिंग घेऊन तो काळा चौकोन बारकाईनं बघितला. "मला वाटतं ही खिडकी हाय. बाहेर अंधार हाय, म्हंजे रातच हाय."

"वाटतं?"

"वाटतं, बाई. खोटं कशाला बोलू? आतमधला फळा बी असू शकतो."

"बाबा," सरजाबाई म्हणाली, "वाटण्यावर माझं एक लेकरू गेलंय. मला आता वाटून चालायचं न्हाई." तिनं फोटो परत कापडात गुंडाळला. दत्तरावानं दुकानाबाहेर येऊन तिला पोस्टाचा रस्ता दाखवला.

पोस्टात तारबाबू म्हणाला, "काय लिहायचं?" सरजाबाई सांगू लागली, "लिवा, लिंबाजी, तुझे डोळे पिवळे झालेत का, आरशात बघ, तेलकट खाऊ नगंस, लघवीचा रंग बघ, अन् कुणी चुन्याचं पाणी दिलं तर..." तारबाबूनं लेखणी खाली ठेवली. तारेत इतकं मावत नसतं म्हणाला. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं, 'ताबडतोब निघून ये.' त्याखाली सरजाबाईचं नाव. तिला ते बरं वाटलं. पोरगं समोर आलं की बास, मग फोटोचं कुणाला पडलंय?

घरी येऊन तिनं सांगितलं तसा सटवाजी उठून बसला. "तार? तार कामून केलीस? पोरगं घाबरंल की."

"घाबरू दे. आधी डोळ्यापुढं येऊ दे."

एरवी तो आणखी चार शब्द बोलला असता. त्या दिवशी बोलला नाही. संध्याकाळी कामावर जाताना फोटो तेवढा घेऊन गेला.

तीन दिवस सरजाबाईनं तव्यावर भाकर टाकली ती करपली, अन् हंडा भरला तो उतू गेला. गंगाखेडहून येणाऱ्या प्रत्येक एसटीला ती स्टँडवर हजर. कंडक्टर लोकसुद्धा तिला बघून नकारार्थी मान हलवायला लागले. चांगुणाबाई सोबतीला यायची अन् म्हणायची, "येईल गं, येईल," अन् सरजाबाई म्हणायची, "तू गप बस."

तिसऱ्या दिवशी अकराच्या गाडीतून लिंबाजी उतरला. दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले, हातात नुसती पिशवी. सरजाबाईला गर्दी दिसली नाही, काही नाही. ती धावत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. पोरगा जागच्या जागी थिजला. तिच्याकडं असा बघायला लागला की जणू ओळखतच नाही.

"खाली वाक," ती म्हणाली. "वाक म्हणते ना! डोळे उघड."

भर स्टँडवर, भर उन्हात, चार गावची माणसं बघत असताना तिनं त्याच्या पापण्या ओढल्या. एक डोळा बघितला, दुसरा बघितला. लाल होते, सुजले होते. पण पिवळ्याचा टिपूस नव्हता. तिनं त्याचा हात उलटा करून नखं बघितली, तळवा बघितला, तोंड उघडायला लावून जीभ बघितली. पोरगं ठणठणीत होतं. तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"न्हाई," ती चांगुणाबाईला ओरडून म्हणाली, "न्हाई गं, काय न्हाई! पोरगं बेस हाय माझं!"

"माय," लिंबाजीनं तिच्या तोंडाला हात लावून बघितला. "माय, तू जिती हायस?"

"आरं, मला काय धाड भरलीय?"

"तार आली." तो लहान लेकरासारखा हुंदके द्यायला लागला. "आपल्याकडनं तार म्हणल्यावर... मला वाटलं, मी निघावं म्हणून कुणीतरी तुझ्या नावानं धाडली असंल. दादाच्या वेळंला बी मावशीला तशीच तार केली होती. रेल्वेत रातभर डोळ्याला डोळा न्हाई. मी तुझ्या मातीला आलो, माय."

सरजाबाईनं त्याला एक रट्टा घातला अन् लगेच पोटाशी धरलं. दोघं एकमेकांना धरून रडत होते अन् हसत होते. चांगुणाबाईला फोटोचं सगळं सांगायची घाई झाली होती. ऐकून लिंबाजीनं कपाळावर हात मारला. "आगं, तो रातीचा हाय. मेसमधी, बल्बखाली काढलेला. दोस्ताच्या मामानं दुबईहून कॅमेरा आणलाय, रोल संपवायचा होता म्हणून काढला."

तेवढ्यात सटवाजी येऊन पोचला. झोपेतून तसाच उठून आलेला, पायात चप्पल नाही. तो कुणाशी बोलला नाही. त्यानं पोराची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं फिरवलं. अंगठ्यानं आधी एका डोळ्याची पापणी खाली ओढली, मग दुसऱ्या. दोनदा बघितलं. मग तो तिथंच फतकल मारून धुळीत बसला.

सरजाबाई बघतच राहिली. "आवं, तुमी कशाला बघता? तुमाला तर पोरगं चांगलं दिसत होतं ना?"

"कशाचं चांगलं," सटवाजी म्हणाला. "दुपारी तू हातात दिलास तवाच मला पिवळा दिसला. बापूवानी. तुला कळू नये म्हणून आत जाऊन पडलो. रातच्याला गोदामातल्या बल्बखाली धरला तर तिथं मातर चांगला दिसायचा, सदरा पांढरा, तोंड गव्हाळ. सकाळी उन्हात आणला की परत पिवळा. म्हणून रोज रातच्याला न्यायचो अन् तिथंच बघत बसायचो."

"मग मला कामून सांगितलं न्हाई?"

"दोघांनी बी पिवळाच म्हणलं असतं, तर कुणाच्या जिवावर तीन दिस काढले असते आपण?"

सगळा रस्ता ह्याच माणसाला ती दगड म्हणत गेली होती. तिनं पदरानं त्याच्या तोंडावरची धूळ पुसली, भर स्टँडवर, लाज-शरम सोडून. मग एका हातानं लेकाला अन् दुसऱ्या हातानं नवऱ्याला धरून उठवलं.

"चला घरी," ती म्हणाली. "तीन दिस झाले, धड जेवलंय का कुणी?"